एका चाकाखाली चिखल, दुसऱ्याखाली सिमेंट: लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल ओळखण्याची आणि वापरण्याची रीत

नागपूर शहरातले बरेच रस्ते आता सिमेंटचे झाले आहेत आणि त्यांची कड शेजारच्या जमिनीपेक्षा अनेक ठिकाणी चार-चार बोटे उंच असते. पावसाळ्यात समोरून येणाऱ्या ट्रकला वाट देण्यासाठी डावीकडची चाके खाली उतरवली की ती काळ्या मातीत जातात आणि उजवीकडची सिमेंटवरच राहतात. गाडी पुन्हा वर घ्यायला जावे तर डावे चाक जागच्या जागी गरगर फिरते, मातीचे गोळे मागे उडतात, आणि सिमेंटवर भक्कम टेकलेले उजवे चाक तसूभरही हलत नाही. काटोल, कळमेश्वर, उमरेड या बाजूच्या पांदण रस्त्यांवर तर हा प्रकार पावसाळाभर चालतो. अशा वेळी लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, म्हणजेच एलएसडी, हे एका चाकाचे मोकळे फिरणे आवरून दुसऱ्याला जोर देणारे उपकरण नेमके काय करते, कुठे ते अजिबात कामी येत नाही, आपल्या गाडीत ते आहे की नाही हे कसे तपासावे आणि असल्यास गाडी कशी चालवावी, हे येथे क्रमाने मांडले आहे.

आधी साधे डिफरेन्शियल

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते. दोन चाकांमधले अंतर दीड मीटर असेल, तर काटकोनात एक वळण घेताना बाहेरचे चाक सुमारे २.३५ मीटर जास्त धावते, मग वळण लहान असो वा मोठे. दोन्ही चाके एकाच दांड्याला जखडलेली असती तर हा फरक टायर घासून भरून काढावा लागला असता. फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर यांनी १८२७ च्या सुमारास वाफेच्या गाडीसाठी यावर जो तोडगा काढला, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरेन्शियल, तोच थोड्याफार फरकाने आजही आपल्या गाड्यांच्या एक्सलवरील हाउसिंगमध्ये, म्हणजे आवरणात, बसलेला आहे: क्राउन गिअर, त्याला जोडलेली पेटी, पेटीत स्पायडर गिअर आणि दोन बाजूंना एक्सलचे गिअर.

साधे डिफरेन्शियल सगळा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, फसलेल्या चाकाला देऊन टाकते, अशी समजूत गॅरेजमध्येही सर्रास आढळते. ती बरोबर नाही. साधे डिफरेन्शियल दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देते. अडचण अशी की घसरणारे चाक जेवढा टॉर्क पेलू शकते तेवढाच टॉर्क त्या यंत्रणेत निर्माण होऊ शकतो, आणि तेवढाच दुसऱ्या, चांगल्या चाकाला मिळतो. थोडक्यात, चांगल्या चाकाची कुवत दुबळ्या चाकाच्या कुवतीवर बांधली जाते.

आकड्यांत मांडून पाहू

समजा, मागच्या चाकांवर चालणारी १६०० किलोची गाडी आहे आणि मागच्या एक्सलवर ८०० किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर ४०० किलो भार आहे. उजव्या चाकाखाली कोरडे सिमेंट असून घर्षणाचा गुणांक ०.८ धरू, आणि डाव्या चाकाखाली ओली काळी माती असून तो ०.२ धरू. उजवे चाक ३२० किलोपर्यंत जोर लावू शकते, डावे फक्त ८० किलो. दहास एक असा चढ असेल तर गाडी वर नेण्यासाठी १६० किलो जोर लागेल, आणि चिखलाचा अडथळा वजनाच्या आठ टक्के धरला तर आणखी १२८. एकूण गरज २८८ किलोची.

साधे डिफरेन्शियल असल्यास डाव्याचे ८० आणि उजव्यालाही तेवढेच ८०, मिळून १६० किलो. गाडी जागची हलणार नाही, इंजिन कितीही ताकदीचे असले तरी. आता एलएसडी बसवले आणि ते चांगल्या चाकाला दुबळ्या चाकाच्या तिप्पट टॉर्क देऊ शकते असे मानले, तर डावे ८० आणि उजवे २४०, मिळून ३२० किलो होतात आणि गाडी निघते. पूर्ण लॉक होणारे, म्हणजे दोन्ही चाके एकत्र जखडणारे डिफरेन्शियल असेल तर उजवे चाक आपली संपूर्ण कुवत वापरेल आणि बेरीज ४०० वर जाईल.

या तिपटीला टॉर्क बायस रेशो म्हणतात. एलएसडी विकत घेताना किंवा त्याविषयी बोलताना विचारण्यासारखा हाच एक आकडा आहे, आणि गिअरच्या एलएसडीत तो बहुधा दोन ते चार यांच्या दरम्यान असतो. एलएसडी नवी पकड तयार करत नाही, दुबळ्या चाकाकडे जी पकड उरली आहे तिला ते गुणते. म्हणून डावे चाक खड्ड्यावर अधांतरी लोंबकळत असेल आणि त्याची पकड शून्य असेल, तर शून्याची तिप्पट शून्यच. पुढच्या जवळजवळ सर्व सूचना या एका गोष्टीतून निघतात.

प्रकार कोणते आणि त्यांचा स्वभाव कसा

क्लच प्लेटच्या एलएसडीत एक्सलचे गिअर आणि पेटी यांच्यामध्ये चकत्यांची चवड असते. स्प्रिंग त्या चकत्या मुळातच थोड्या दाबून ठेवते, याला प्रीलोड म्हणतात, आणि टॉर्क वाढला की दाब आणखी वाढतो. प्रीलोडमुळे एक चाक हवेत असले तरी दुसऱ्याला थोडा तरी जोर मिळतो. काही प्रकार फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर घट्ट होतात, काही अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरही. चकत्या झिजतात, म्हणून हा प्रकार देखभाल मागतो. शर्यतीच्या गाड्यांशी एकूणच एलएसडीचे नाते जुने आहे: १९३० च्या दशकात फर्डिनांड पोर्शे यांच्या मागणीवरून झेडएफ कंपनीने ऑटो युनियनच्या ग्रां प्री गाड्यांसाठी एलएसडी विकसित केले, कारण त्या गाड्यांची ताकद एवढी होती की वेगात असतानाही एक चाक मोकळे फिरू लागे.

हेलिकल गिअरच्या एलएसडीत चकत्या नसतात, तिरप्या दातांचे गिअर एकमेकांवर आणि पेटीवर रेटले जाऊन घर्षण निर्माण होते. टॉर्सन हे यातले प्रसिद्ध नाव, आणि व्हर्नन ग्लीसमन यांच्या १९५८ च्या पेटंटपासून त्याची सुरुवात आहे. हा प्रकार मुलायम असतो, वळणावर जाणवतही नाही आणि फारसा झिजत नाही. मात्र प्रीलोड नसेल तर चाक हवेत गेल्यावर तो हतबल होतो. घट्ट सिलिकॉन द्रवाचा व्हिस्कस प्रकारही आहे, पण त्याला काम सुरू करण्यासाठी आधी चाक घसरावे लागते, त्यामुळे चिखलात तो नेहमी एक पाऊल उशिरा पोहोचतो.

आपल्याकडे प्रत्यक्षात जास्त भेटतात ते एलएसडीचे शेजारी, म्हणजे तेच काम दुसऱ्या रीतीने करणारे प्रकार. महिंद्राच्या २०२० नंतरच्या थारच्या काही आवृत्त्यांत मागच्या एक्सलवर आपोआप लॉक होणारे मेकॅनिकल डिफरेन्शियल आहे. दोन चाकांच्या फेऱ्यांत मिनिटाला साधारण १०० चा फरक पडला की ते खट्ट आवाज करून पूर्ण लॉक होते, आणि गाडी वेगात असताना मात्र लॉक होत नाही. फोर्सच्या गुरखामध्ये पुढचे आणि मागचे, दोन्ही डिफरेन्शियल चालकाने स्वतः लॉक करायचे असतात. मारुतीच्या जिम्नीत ब्रेक एलएसडी आहे, म्हणजे डिफरेन्शियल साधेच, पण घसरणाऱ्या चाकाला संगणक ब्रेक लावतो. शेतकरी वाचकांना ट्रॅक्टरचे डिफरेन्शियल लॉकचे पेडल माहीतच आहे.

ब्रेक एलएसडीविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण जाहिरातीत त्याला एलएसडीच म्हटले जाते. वरच्याच उदाहरणात डाव्या चाकाला १६० किलोच्या जोराइतका ब्रेक लावला, तर त्या चाकाचा एकूण विरोध ८० अधिक १६०, म्हणजे २४० होतो. साधे डिफरेन्शियल उजव्यालाही २४० देते. पुढे नेणारी बेरीज ८० अधिक २४०, म्हणजे ३२०, तिप्पट बायसच्या एलएसडीइतकीच. पण इंजिनला ४८० किलोचा जोर पुरवावा लागला आणि त्यातला १६० ब्रेकमध्ये उष्णता होऊन गेला. फरक येथे आहे. पाच-दहा सेकंदांच्या अडचणीला ही यंत्रणा उत्तम आहे, परंतु अर्धा किलोमीटर चिखलाच्या पांदणीत ब्रेक तापतात, आणि तेव्हा बऱ्याच गाड्यांतील संगणक ब्रेक वाचवण्यासाठी मदत थांबवतो. लहान इंजिनच्या गाडीत तो जादा जोर देताना इंजिनची दमछाक होते, ते वेगळेच.

आपल्या गाडीत काय आहे हे तपासणे

सर्वात आधी गाडीसोबत आलेले पुस्तक पाहावे आणि डिफरेन्शियलच्या हाउसिंगवर एखादी पट्टी किंवा तेलाबाबत सूचना आहे का ते पाहावे. जुनी गाडी घेत असाल तर विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता पुढील चाचणी करावी. सपाट, पक्क्या जागी पुढच्या चाकांना ओट, म्हणजे पाचर किंवा दगड, लावून, मागची दोन्ही चाके उचलून एक्सल स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर हे काम करू नये. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद, हँडब्रेक सोडलेला. आता एक चाक हाताने हळू फिरवावे. दुसरे चाक उलट दिशेने फिरले तर डिफरेन्शियल साधे असण्याची शक्यता मोठी, त्याच दिशेने फिरले तर क्लच प्लेटचे किंवा प्रीलोड असलेले एलएसडी आहे.

पण ही चाचणी अर्धेच सांगते. प्रीलोड नसलेले हेलिकल, झिजलेल्या चकत्यांचे क्लच एलएसडी आणि आपोआप लॉक होणारे डिफरेन्शियल, ही तिन्ही हाताच्या मंद फिरवण्याला साध्यासारखीच वागतात. क्लच प्लेटचे आहे हे नक्की ठाऊक असेल आणि ते किती झिजले हे पाहायचे असेल, तर एकच मागचे चाक उचलून, बाकीच्या चाकांना ओट लावून, हबच्या मधोमध टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजणारा पाना, बसवून चाक फिरवावे लागते. चाक हलू लागते त्या क्षणाचा आकडा कंपनीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या किमान आकड्याशी ताडून पाहावा.

येथे एक धोक्याची सूचना. एलएसडी असलेल्या गाडीचे एकच चाक उचलून, इंजिन चालू ठेवून, गिअर कधीही टाकू नये. जमिनीवर टेकलेल्या दुसऱ्या चाकाला टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून उडी घेते. साध्या डिफरेन्शियलच्या सवयीने काम करणाऱ्या मिस्त्रीला गाडी सोपवताना हे आपण होऊन सांगावे.

सिमेंटच्या कडेवरून वर येताना

एलएसडीचा पुरेपूर उपयोग होतो तो याच प्रसंगात, कारण येथे दोन चाकांच्या पकडीत खरोखर मोठा फरक आहे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर हलका आणि स्थिर ठेवावा. हेलिकल किंवा क्लच प्रकारात चाक फिरू देण्याची गरज नाही, जोर हळूहळू वाढवला की काम होते. थारसारख्या आपोआप लॉक होणाऱ्या प्रकारात मात्र घसरणाऱ्या चाकाला क्षणभर फिरू द्यावे लागते. घाबरून लगेच पाय काढून घेणारे चालक लॉक लागायच्या आतच प्रयत्न सोडतात आणि मग यंत्रणेला दोष देतात.

उजवे चाक आता डाव्यापेक्षा कितीतरी जास्त जोराने ढकलते आहे, त्यामुळे गाडीचे नाक डावीकडे, म्हणजे चिखलाच्याच दिशेने वळू पाहते. स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवावे लागते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर स्टिअरिंग हातातच ओढले जाते, तेथे ते दोन्ही हातांनी धरावे. कडेला टायर घासत, अगदी समांतर राहून वर चढण्याचा प्रयत्न करू नये. वेग पायी चालण्याइतका ठेवून थोडा कोन घ्यावा, आणि चाक कडेवर आले की तत्काळ अ‍ॅक्सिलरेटर हलका करून स्टिअरिंग सरळ करावे. डाव्या चाकांना अचानक पकड मिळाली आणि स्टिअरिंग उजवीकडेच राहिले, तर गाडी समोरच्या वाहनांच्या रांगेत झेप घेते.

चाक हवेत गेले तर: हँडब्रेकची युक्ती आणि तिची मर्यादा

ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांनी खोल झालेल्या पांदणीत कार तिरकी पडते आणि एक मागचे चाक लोंबकळू लागते. अशा वेळी हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून ठेवा, गाडी निघेल, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते कधी खरे आणि कधी खोटे, हे हिशेबाने कळते.

हँडब्रेक दोन्ही मागच्या चाकांना सारखाच लागतो. समजा, तो ५० किलोचा आहे. साध्या डिफरेन्शियलमध्ये हवेतल्या चाकाचा विरोध ५० झाला, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही ५० मिळाले, पण त्याच्याही ब्रेकने ते ५० खाल्ले. हाती शून्य. तिप्पट बायसच्या एलएसडीत जमिनीवरच्या चाकाला १५० मिळतात, ब्रेकचे ५० वजा जाऊन १०० किलो जोर उरतो. म्हणजे ही युक्ती मागच्या चाकांवर चालणाऱ्या, एलएसडी असलेल्या गाडीपुरतीच आहे. साधे डिफरेन्शियल असलेल्या गाडीत तिने काही साधत नाही, आणि पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर हँडब्रेक मागच्या, न चालणाऱ्या चाकांना धरून ठेवतो, त्यामुळे नुकसानच होते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत एलएसडी असल्यास डाव्या पायाने ब्रेकचे पेडल हलके दाबल्याने काहीसा तसाच परिणाम मिळतो. युक्ती वापरताना जोर बेताचा ठेवावा आणि चाक जमिनीला टेकताच हँडब्रेक पूर्ण सोडावा.

त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे उतरून पाहणे. लोंबकळणाऱ्या चाकाखाली दोन दगड किंवा तुराट्यांची पेंढी सरकवली तर शून्याची पकड थोडी तरी होते, आणि एलएसडीला गुणायला काहीतरी मिळते.

काळ्या मातीत दोन्ही चाके असतील तर

विदर्भातल्या काळ्या मातीची खोड अशी की भिजल्यावर ती टायरच्या खाचांत ठासून बसते. दहा-वीस फुटांत टायरवर बोटभर जाड लेप चढतो, नक्षी दिसेनाशी होते आणि टायर गुळगुळीत होऊन फिरू लागतो. अशा वेळी दोन्ही चाकांची पकड सारखीच वाईट असते. डावे ८० आणि उजवेही ८०: साध्या डिफरेन्शियलमध्ये १६०, एलएसडीत १६०, पूर्ण लॉकमध्येही १६०. एलएसडीचा उपयोग पकड असमान असण्यापुरताच आहे, आणि ती समान वाईट असेल तर महागड्या यंत्रणेचा पैसाभरही फायदा होत नाही.

म्हणून वर्षातून चार महिने शेतावर जाणाऱ्या माणसाने एलएसडीवर खर्च करण्याआधी मोकळ्या, खोल खाचांचे टायर घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. माती झटकून टाकण्याइतपत चाक फिरू द्यावे, पण गाडी खाली जाऊ लागली तर लगेच थांबावे, कारण फिरणारे चाक मातीत विहीर खोदते आणि शेवटी हाउसिंगच जमिनीला टेकते. टायरमधली हवा २० ते २२ पीएसआयपर्यंत कमी केल्यास टायर रुंद टेकतो आणि बरीच मदत होते. पक्क्या रस्त्यावर येताच हवा पुन्हा भरावी.

ओल्या वळणावर आणि उतरत्या कडेवर सावधगिरी

एलएसडीची दुसरी बाजू पुरेशी सांगितली जात नाही. साध्या डिफरेन्शियलमध्ये एक चाक फिरू लागते तेव्हा दुसरे शांत असते, आणि ते शांत चाक गाडीचा मागचा भाग आडवा सरकू देत नाही. एलएसडीत जोर जास्त झाला तर दोन्ही चाके एकदम सुटतात आणि आडवा आधार देणारे कोणीच उरत नाही. रामटेकच्या गडावर जाणाऱ्या वळणांवर पहिल्या पावसाने धूळ आणि तेल वर आलेले असताना, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणाच्या मध्येच अ‍ॅक्सिलरेटर दाबला तर मागचा भाग बाहेर फेकला जातो. तसेच कडेला उतार असलेल्या चिखलाच्या रस्त्यावर लॉक झालेले डिफरेन्शियल गाडीला पुढे नेता नेता नाल्याकडे सरकवते. अशा जागी लॉक सोडून, सावकाश, एका चाकाच्या पकडीवर जाणे कधीकधी अधिक शहाणपणाचे ठरते. स्वतः लॉक करायचे डिफरेन्शियल कोरड्या सिमेंटवर वळताना कधीही लावलेले नसावे, एक्सलवर फार ताण येतो.

तेल, पाणी आणि स्टेपनी

क्लच प्लेटच्या एलएसडीला फ्रिक्शन मॉडिफायर, म्हणजे चकत्यांचे घर्षण मुलायम करणारे रसायन, असलेले तेल लागते. गॅरेजच्या पिंपातले साधे जीएल-५ गिअर ऑइल भरले तर पार्किंगमध्ये पूर्ण स्टिअरिंग कापून गाडी वळवताना मागून गुरगुरल्यासारखा कंप येतो, चकत्या अडकत-सुटत असतात. योग्य तेल भरून मोकळ्या मैदानात आठच्या आकड्यात सावकाश गाडी फिरवल्यावर तो बहुधा जातो. न गेल्यास चकत्या पाहाव्या लागतील. हेलिकल प्रकाराला मॉडिफायर बहुधा लागत नाही, उलट त्याने बायस कमी होऊ शकतो, म्हणून कंपनी सांगते तेच तेल वापरावे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो म्हणून मनानेच जाड तेल भरण्याचा सल्ला मिळतो. पुस्तकात उष्ण हवामानासाठी वेगळी श्रेणी दिलेली असेल तरच तो मानावा.

नाल्याच्या पाण्यातून गाडी नेल्यानंतर तापलेले हाउसिंग एकदम थंड होते आणि ब्रीदर, म्हणजे हाउसिंगची हवा आत-बाहेर जाऊ देणारी वाट, तुंबलेला असल्यास सीलमधून पाणी आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी फिलर प्लग उघडून बोट बुडवून पाहावे. तेल दुधाळ दिसले तर किलोमीटर न मोजता ते बदलावे, आणि ब्रीदरची नळी साफ करावी.

टायर पंक्चर झाल्यावर लहान मापाची किंवा फार वेगळ्या झिजेची स्टेपनी एलएसडी असलेल्या एक्सलवर लावू नये. दोन चाकांचा व्यास वेगळा असेल तर सरळ रस्त्यावरही एक चाक सतत जास्त फिरते, आणि वाडीपासून अमरावतीपर्यंतच्या एका फेरीत चकत्या विनाकारण घासल्या जातात. मागच्या एक्सलवर एलएसडी असेल आणि मागचे चाक पंक्चर असेल, तर पुढचे चांगले चाक काढून मागे लावावे आणि स्टेपनी पुढे लावावी. काम दुप्पट होते, पण चकत्यांच्या नव्या संचापेक्षा स्वस्त पडते.